महिनाभराची मनाई

मावठं कधी सांगून येत नाही. लांजीचा बाजार ऐन भरात होता. हरभऱ्याच्या ओल्या पेंड्या, चिंचेचे ढीग, बांबूच्या सुपांच्या उतरंडी... आणि पौषातल्या त्या दुपारी एकाएकी आभाळ फाटलं. अंजनाने हातातली पिशवी डोक्यावर धरली आणि समोर जो पहिला तंबू दिसला त्यात ती शिरली.

आत सगळे पुरुष. सात-आठ जण उकिडवे बसलेले. पुढे काचेच्या बरण्यांत मुळ्या, साली, एक सुकलेला सरडा. फेटा बांधलेला एक माणूस हिंदीत तावातावाने काही सांगत होता. तिला पाहताच त्याचं वाक्य तोंडातच अडकलं. बसलेल्यांनी भराभर गमछे तोंडावर ओढले.

एकानेच ओढला नाही. तो उठला, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमी इथं नका थांबू. चला, बस स्टँडपर्यंत सोडून देतो."

बाहेर पडताना छत्री जरा कलली आणि अंजनाला तंबूवरची पाटी दिसली. 'मर्दाना कमजोरी का शर्तिया इलाज.' तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने वाचलं हे त्याने पाहिलं, आणि त्याने पाहिलं हे तिने. दोघेही चिखल चुकवत चालत राहिले. छत्री सगळी तिच्यावर, तो पुरता भिजत.

तोही बालाघाटचाच निघाला, पण बसमध्ये एकच बाक रिकामा होता. तो उभाच राहिला. "बसा नं," ती म्हणाली. "पुरे भिजले तुमी माह्यापायी."

"मी मेकॅनिक आहो. मले पाण्याची भीती नाही, गंजाची आहे," असं म्हणत तो बाकाच्या पार टोकाला टेकला.

"नाव काय म्हणलं तुमचं?"

"म्हणलंच नाही अजून."

"मंग म्हणा."

"...प्रेमलाल."

अंजनाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"हासून घ्या. समदेच हासतात."

"मी कुठं हासली?"

"गालावर खळी पडली नं."

"ते... थंडीनं पडली."

पाऊस काचेवरून तिरका वाहत होता. त्याच्या खिशातून कागदाची एक पुडी डोकावत होती. तिने विचारायला नको होतं. पण दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला खोड असते. "औषध आहे?"

"खोकल्याचं," तो घाईने म्हणाला.

"किरनापूर आलं. लांजीपासून एकदा बी खोकलले नाही तुमी."

प्रेमलाल खोकला. इतकं खोटं खोकला की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. मग आधी तो हसला, मग ती. बरं हसत होता तो. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडत. असं हसू याने फार दिवसांनी बाहेर काढलं असावं, असं तिला उगाचच वाटलं.

उतरताना ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी डॉक्टर बिसेनच्या दवाखान्यात आहो. लघवी-रक्त तपासते. असल्या पुड्यांत पारा निघते, शिसं निघते, अफू बी निघते. खोकला असो का काही असो... खाऊ नका. आमच्याकडे या. तिथं कोणी तोंड लपवत नाही, न् कोणी हासत नाही."

त्याने पुडी खिशात आणखी खोल सारली.

तो दवाखान्यात आला तीन आठवड्यांनी, पण आजारी म्हणून नाही. डॉक्टर बिसेनची स्कूटर बंद पडली होती आणि भरवेली रोडवरच्या मेकॅनिकला बोलावणं गेलं होतं. डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, पवार समाजातले गृहस्थ. बोलताना अर्धं हिंदी, अर्धं मराठी. प्रेमलालने प्लग साफ केला, स्कूटर सुरू करून दिली, आणि जाताना तपासणीच्या खोलीच्या खिडकीशी घुटमळला.

"खोकला कसा आहे?" अंजनाने आतून विचारलं.

"पुडी नाल्यात टाकली."

"मंग आता?"

"आता... खोकल्यासंगच राहतो. सवय आहे."

ती स्कूटर नंतर आठ-दहा दिवसांनी एकदा हमखास बिघडू लागली. कधी तार सैल, कधी ब्रेक. प्रेमलाल यायचा, अर्ध्या तासाचं काम दोन तास करायचा. तिच्या खोलीचा कुरकुरणारा पंखा त्याने न सांगता ठीक केला. ती त्याच्यासाठी डब्यात एक भाकर जास्त आणू लागली आणि "माय जास्तच देते" असं सांगू लागली. फाल्गुनात पळस फुलला तेव्हा स्कूटरच्या हँडलला एक केशरी डहाळी अडकवलेली सापडली. डॉक्टरांनी ती डहाळी बघितली, अंजनाकडे बघितलं, आणि प्रेमलालला म्हणाले, "क्यों रे मिस्त्री, ही गाडी तुझ्या हातानं सुधरते का बिघडते?"

प्रेमलाल कानापर्यंत लाल झाला.

अंजना तेव्हा पंचविशीची. भरवेलीच्या खाणीत टाइमकीपर असलेले तिचे वडील दुलीचंद रामटेके दोन वर्षांपासून स्थळं बघत होते, आणि ती प्रत्येकात काहीतरी खोट काढत होती. लांजीकडचं एक स्थळ चालून आलं, मुलगा शाळामास्तर, तेव्हा तिला खोट सापडेना. तिने ती गोष्ट प्रेमलालला सांगितली. मुद्दाम. स्कूटरचा नट आवळत असलेला त्याचा हात थांबला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "मास्तर म्हणजे... चांगलंच."

त्यानंतर तो आला नाही. पंधरा दिवस. स्कूटरही ठणठणीत राहिली.

सोळाव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अंजना सायकल काढून थेट त्याच्या दुकानावर गेली. चैत्राचं ऊन. टिनाच्या छपराखाली तो एकटाच, एका मोटारसायकलीचं इंजिन उघडून बसलेला.

"काहून येत नाही तुमी?"

"गाडी बिघडली नाही."

"मी बिघडली," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. पण आता बोललेलं परत घेता येत नव्हतं. "जेवण जात नाही, झोप येत नाही. नळ्या दोनदा फोडल्या. तुमाले काही वाटत नसन तर तसं सांगा. मी मास्तरले हौ म्हणून टाकते."

प्रेमलालने चिंधीला हात पुसले. पुन्हा पुसले. "मले वाटत नाही असं नाही, अंजना," त्याने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "त्याच्यासाठीच येत नाही."

मग त्याने सांगितलं. नजर इंजिनावर ठेवून, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं.

"माह्यं एक लगन झालंय. सात साल झाले. मुलगी गोंदियाकडची होती, चांगली होती. लगनाच्या दिवशी मले अंगात ताप होता, पाव्हण्यांनी घर भरलं होतं, बाहेर दोस्त खिदळून राह्यले होते... झालं नाही माह्याच्यानं. शरीर उठलंच नाही. दुसऱ्या दिवशी बी नाही. मंग मी भ्यायलो. तिच्याजवळ गेलो का वाटे, आज बी होणार नाही, न् तसंच होये. ती काही बोलली नाही कधी. आठ महिने थांबली बिचारी. मंग तिच्या भावानं नेलं, काडीमोड झाला. आता दोन लेकरं आहेत तिले. सुखी आहे." त्याने एक नट उगाच फिरवला. "म्हणजे दोष माह्यातच होता नं. किती वैद केले, किती पुड्या खाल्ल्या. तू ज्या तंबूत शिरली तो अकरावा का बारावा असन. मंग तुले कशाले पाडू या खड्ड्यात?"

अंजनाच्या पायाखालची माती तापली होती. तिला जाणवतही नव्हतं. "बाई काय तेवढ्यासाठीच लगन करते?" ती हळूच म्हणाली.

"तेवढ्यासाठी बी करते. खोटं नको बोलू."

खरंच होतं ते. तिला घर हवं होतं, याचं हसू हवं होतं, लेकरं हवी होती, आणि त्या ग्रीस लागलेल्या हातांचा स्पर्शही हवा होता. किती हवा होता हे तिला त्या क्षणी कळलं.

"हौ," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी बी. म्हणूनच म्हणते, एकदा डॉक्टरकडे चाला. बारा तंबू पाह्यले. एक दवाखाना पाहा."

दुसऱ्या दिवशी तो आला. डॉक्टर बिसेन दार लावून तासभर त्याच्याशी बोलले. मग त्यांनी लघवी तपासायला पाठवली. अंजनाने नळीत निळं द्रावण घेतलं, थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरली. साखर असली की तो रंग हिरवा होतो, पिवळा होतो, विटेसारखा लाल होतो. शेकडो नळ्या तिने अशा उकळल्या होत्या. आज तिने थेंब दोनदा मोजून टाकले होते. द्रावण उकळलं, फेसाळलं... निळंच राहिलं.

डॉक्टरांनी प्रेमलालला विचारलं, हिला सांगू का? तो म्हणाला, सांगा, हिच्यापासून आता काय लपवायचं. मग त्यांनी तिला आत बोलावलं.

"बैठ बेटी. हे बघा, दोघंही नीट ऐका. लिंगात ताठरता येते ती रक्तानं. मनात इच्छा उठते, नसा इशारा देतात, तिकडचं रक्त वाढते. यात कुठंही अडथळा येऊ शकते. कोणाले शक्कर की बीमारी असते, कोणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं, कोणाले त्या प्रेशरच्याच गोळ्या बाधतात, कोणी दारू जास्त पितो, कोणाच्या पाठीच्या कण्याले मार असतो. म्हणून आधी तपासायचं. याचं मी समदं तपासलं. शक्कर नाही, प्रेशर ठीक, नाडी चांगली. मंग मी याले एक सवाल विचारला. पहाटे जाग येते तेव्हा शरीर आपोआप ताठ असते का कधी? तर म्हणे, असते."

प्रेमलाल फरशीकडे बघत होता.

"जे पहाटे आपोआप होते, ते यंत्र बिघडलेलं नाही. तू तर मिस्त्री आहेस, तुले मी काय सांगू! पहिल्या दिवशी ताप होता, थकवा होता, लाज होती. कोणाचंही झालं नसतं. पण तू भ्यायलास. आणि भीती आली का शरीर म्हणते, आता पळायची तयारी करा. रक्त हातापायांत जाते. जितका जोर लावशील तितकं उलटं होईल. झोप जशी जबरदस्तीनं येत नाही, तसंच हे. बिमारी इथं आहे," डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं, "आणि ती खरी बिमारी आहे बरं, ढोंग नाही. फौजेत मी असे कितीतरी जवान पाहिले. गोळीले न भिणारे."

"मंग औषध?" प्रेमलालने विचारलं.

"औषध नाही. मनाई आहे." मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, "लगन कराल तेव्हा महिनाभर ते करायचं नाही. प्रयत्नही नाही. जवळ बसा, हात धरा, डोकं चोळून द्या, गोष्टी करा, एकमेकाले ओळखा. पुढं जायची सख्त मनाई. परीक्षाच नाही, तर नापास कसा होशील?"

दारातून बाहेर पडून दोघे स्कूटरपाशी येऊन थांबले. मग प्रेमलाल म्हणाला, "डॉक्टर तर लगनाचं धरूनच बसले."

"तुमी नाही धरलं?"

"...मी तर लांजीच्या बसमध्येच धरलं होतं."

पण बातमीला पाय फुटतात. प्रेमलालचं नाव घरात निघताच दुलीचंदच्या कानावर आलं की याची पहिली बायको का गेली. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "या घरातून त्या घरात लेक जाणार नाही. बस्स." आणि सायकल काढून ड्यूटीवर निघून गेले.

अंजना चुलीपाशी माय लीलाबाईजवळ बसली. अशा गोष्टी लेकीने मायशी बोलायच्या नसतात. पण ती बोलली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं, चुलीतल्या राखेकडे बघत. लीलाबाई भाकर थापत राहिल्या. थापता थापता हात थांबला.

"तू चार वर्षाची होती," त्या म्हणाल्या, "तवा तुहे बाबा सायकलवरून पडले. कमरेले मार लागला. दोन साल... आमचं काहीच नव्हतं. ते माह्याशी बोलतच नव्हते. बाहेर वसरीत जाऊन झोपत. मले वाटे, मी आवडत नाही आता. त्यांले वाटे, मी आता काही कामाचा नाही. दोघं बी चूप. नंतर आपोआप निस्तरलं. पण पोरी, ते दोन साल शरीरानं नाही खाल्ले. चूप राहण्यानं खाल्ले." त्यांनी भाकर तव्यावर टाकली. "तुहा माणूस तुले अगोदर सांगतो. मले तर तो धीराचा वाटते."

संध्याकाळी दुलीचंद घरी आले तेव्हा लीलाबाईंनी त्यांना आत नेऊन काय सांगितलं, ते अंजनाला कधीच कळलं नाही. आतून आवाज आला नाही. बराच वेळ गेला. मग ते बाहेर आले, डोळे चोळले आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "त्या मिस्त्रीले म्हणा, इतवारी ये. माह्या सायकलची चेन बी पाह्यजो म्हणा."

लग्न ज्येष्ठात झालं, बौद्ध पद्धतीने. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, वंदना, पंचशील, आणि वस्तीभर लाडू. प्रेमलालने एकाच गोष्टीचा हट्ट धरला: घरात पाहुणे राहणार नाहीत. त्याची माय तुळसाबाई सगळ्यांना घेऊन त्याच दिवशी बिरशाला बहिणीकडे निघून गेल्या. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना सात वर्षांपासून ते माहीत होतं.

मग मनाई सुरू झाली.

पहिले दोन-तीन दिवस दोघे खाटेच्या दोन टोकांना बसून एकमेकांना चोरून बघत. मग अंजनाने त्याचा हात हातात घेतला आणि नखांतलं ग्रीस काडीने काढायला बसली. एका हाताला एक अख्खी दुपार लागली.

"दुसरा हात?" त्याने विचारलं.

"उद्या. मनाई आहे नं, घाई कायची?"

रोज काहीतरी निघायचं. त्याच्या भुवईतल्या जुन्या जखमेची गोष्ट. तिच्या मानेवरचा तीळ, जो तिने स्वतः कधी पाहिलाच नव्हता. तो तिचे केस विंचरायला शिकला आणि गुंता आला की "गियर अडकला" म्हणायचा. कधी ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून पडायची आणि त्याच्या काळजाचा ठोका ऐकायची. आधी तो घाबऱ्या सशासारखा पळायचा. हळूहळू तो ठोका संथ झाला.

आषाढ लागला. शेतांत धानाची रोवणी सुरू झाली, चिखलात वाकलेल्या बायांची गाणी दुरून येऊ लागली. बाविसाव्या दिवशी झड लागली होती, म्हणून दुकान बंद. घराच्या टिनावर पाऊस असा वाजत होता की एकमेकांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येईना. कशावरून तरी ते हसत होते, नंतर दोघांनाही आठवलं नाही कशावरून. हसता हसता त्याचं हसू थांबलं. तो एकदम बाजूला झाला, गोंधळलेला, जवळजवळ घाबरलेला.

"अंजना... मनाईले अजून आठ दिवस आहेत."

तिच्या लक्षात आलं. तिला ओरडून हसावंसं वाटलं आणि रडावंसंही. तिने तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"डॉक्टरले मी सांगीन."

पाऊस टिनावर वाजत राहिला. बाहेर सगळं जग भिजत होतं आणि कोणालाही घाई नव्हती.

नंतर तो कितीतरी वेळ तिच्या खांद्यावर तोंड लपवून रडला. सात वर्षांचं साचलेलं होतं. तिने वाहू दिलं. ती स्वतःही डोळे पुसत होती. फक्त त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठीही.

डॉक्टरांना तिने सांगितलं. ते गडगडून हसले. "ही मनाई मोडायसाठीच असते, बेटी." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण याच्यापुढं कधी एखाद्या वेळी नाही जमलं, तर घाबरायचं नाही. सगळ्यांचं होते तसं."

आणि तसं झालंच. श्रावण सरता सरता, एका रविवारी दुपारी. आठवडाभर तो पुरात बुडालेल्या मोटारसायकली उघडून थकला होता. ती जवळ आली, तोही आला, आणि शरीराने ऐकलं नाही. अंजनाने श्वास रोखला. तिला वाटलं, आता हा गप्प होईल, आता पुन्हा ती सात वर्षं येऊन दोघांच्या मध्ये बसतील.

प्रेमलाल क्षणभर छपराकडे बघत पडून राहिला. मग त्याने तिच्याकडे कूस वळवली. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"आज नाही जमत व, अंजना," तो म्हणाला. साधं, भूक नाही म्हणावं तसं. "थकलो. तू काही सांगत जा, मी ऐकत पडतो."

तिने रोखलेला श्वास सोडला. याची भीती खरंच गेली आहे, हे तिला त्या बाविसाव्या दिवशी नव्हे, आज कळलं.

"काय सांगू?"

"काही बी. तुह्या लहानपणचं सांग."

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.